कपाळवाटा

"ओ बाबलकाका, वाट चुकलात की काय?"

मी मागच्या पडवीत पाट्यावर खोबरं वाटत होते. दुपारचे अडीच वाजले असतील. बाबल राऊळ परसातून आला, कुंभ्याच्या पानांत बांधलेली पुडी पडवीच्या कडेला ठेवली आणि आला तसाच वळला. एरवी हा माणूस 'सुनबाय, चाय ठेव' असं फर्मान सोडल्याशिवाय आमच्या दारावरून पुढे जायचा नाही. त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. बंदूक खांद्याला, पण नळी जमिनीकडे. फणसाखालून गेला, दगडी गडग्यावर चढताना पाय घसरला, सावरला आणि पलीकडे उतरला.

मला हसू आलं. दसरा होऊन चार दिवस झाले होते, कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, भात पिकून उभं होतं आणि डुकरं रोज कुणाचा ना कुणाचा कुणगा लोळवून जात होती. म्हणून त्या सकाळी गावाने पारध काढली होती. माझा नवरा विश्राम आणि धाकटा दीर गुणाजी, दोघेही गेले होते. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा सोय नव्हती. आता पंच्याहत्तरीला मला कोण अडवतोय. रानातून दोन बार ऐकू आले होते, म्हणजे डुक्कर पडलं हे ठरलेलंच, म्हणून मी आपलं वाटण लवकर सुरू केलं होतं.

पुडी उचलली तर खालून कोमट लागली.

"आये," मी आत हाक मारली, "बाबलकाकांका म्हातारचळ लागलो गो! आमच्याकडे कपाळवाटो ठेवन गेले."

सासू माजघरात तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबल्याचं मला ऐकू आलं.

हा कपाळवाटा काय ते आता आमच्या गावातल्या पोरांनाही ठाऊक नाही. गेल्या महिन्यात माझा पुतण्या, जो कुडाळात लोकांच्या कराचे कागद भरून देतो, पेपर वाचता वाचता खो खो हसायला लागला. म्हणे परदेशात कुठेसं शिकाऱ्याने शिकारीचं मटण गोरगरिबांना दान केलं तर त्याला करात सूट मिळते. "काकी, डुकार मारूचा, मटण वाटूचा आणि कर चुकवचो, कशी आसा आयडिया?" घरातले सगळे हसले. मी उठून आत गेले. भालखोलात, म्हणजे आमच्या गावात, हा कायदा माझ्या आजेसासऱ्याच्या आधीपासून होता, फक्त त्याचा कागद नव्हता.

गावपट्टी प्रत्येक घराला असायची. जत्रेसाठी, देवळाच्या छपरासाठी, ओहोळावरचा साकव बांधायला भात, नारळ आणि अंगमेहनतीचे दिवस द्यावे लागायचे. गावात चार ठासणीच्या बंदुका होत्या, शेतराखणीच्या परवान्यावरच्या. त्या चार घरांना पट्टी माफ. का, तर ज्या विधवेला कर्ता मुलगा नाही तिच्या घरी प्रत्येक पारधीतला वाटा पोचवायचा. तो कपाळवाटा, म्हणजे उघड्या कपाळाचा वाटा. ज्या बंदुकीचा बार, त्या बंदूकवाल्याने तो स्वतःच्या हाताने न्यायचा, मागच्या दाराने, कुंभ्याच्या पानात, हाड न घालता आणि वर काळजाचा तुकडा ठेवून. मग जत्रेच्या आदल्या दिवशी गाव देवळात बसला की त्या बायकांनी एकेक करून उठायचं आणि एकच शब्द बोलायचा, 'पावलो'. शब्द मिळाला की त्या बंदुकीची पट्टी माफ. एकीनेही अडवला तर बंदूक वर्षभर देवाकडे. असं कधी झाल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. फुकटचं मटण खाऊन कोण कशाला अडवील?

सासू पडवीत आली.

"खयल्या दारान इलो?"

"मागल्या."

"सोड ती पुडी."

मी पानं सोडली. हाड नव्हतं. वर काळजाचा तुकडा.

तिने पुडीकडे पाहिलं आणि मग माझ्या कपाळाकडे. "माका दोन झील आसत," ती म्हणाली. "विश्राम पारधीक जावक लागलो त्या वर्सापासून माका कपाळवाटो बंद झालो."

"म्हणान तर म्हणतंय, चुकले ते."

"बाबल चुकणारो न्हय गो." तिने पडवीचा खांब धरला आणि तिथेच बसली. "घरात बायलो दोनच. ह्यो वाटो माझो न्हय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. गुणाजीला काही झालं असतं तर तिला विश्राम होता, मला विश्राम होता, वाटा कुणालाच लागला नसता. मला मूलबाळ नव्हतं. एकच गोष्ट झाली असती तर ही पुडी आमच्या पडवीत बरोबर आली होती, आणि ती गोष्ट मला दुसऱ्या कुणी तोंडाने सांगायची उरली नव्हती. ओरडावं म्हणून तोंड उघडलं तर सासूने खोबऱ्याने माखलेला माझा हात धरला.

"रडा नको. कुकू पुसू नको. ते येवन सांगीपर्यंत आमका कायेक म्हाईत नाय."

तिने परसात माडाच्या मुळाशी खड्डा केला आणि ते मांस पुरलं. मग आम्ही दोघी पुढच्या पडवीत जाऊन बसलो. तीन तास. मी भरल्या कपाळाने बसले होते आणि मला माहीत होतं. त्या तीन तासांचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवस कलताना माणसं आली. पुढे गावचा प्रमुख तातू गावकार, मागे बांबूंवर दोन कांबळ्यांत हनुवटीपर्यंत गुंडाळलेला माझा नवरा. गुणाजी पुढच्या बांबूला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते.

"डुकरान घेतल्यान," तातू गावकार म्हणाला. "कुत्रो अडाकलो म्हणान करवंदीत शिरलो. आमी पोचासर सगळा संपलेला."

मी कांबळं बाजूला करायला गेले तर चार हात आडवे आले. "बघा नको. बघण्यासारख्या नाय."

बाबल राऊळ त्यांच्यात नव्हता.

त्याच रात्री सगळं उरकलं. कागदावर 'कड्यावरून पडून' असं लिहिलं गेलं. बायकांना डुक्कर सांगितलं, सरकारला कडा सांगितला. गावाला एक खोटंसुद्धा धड एकच ठेवता आलं नाही. स्मशानातून परतल्यावर गुणाजी आईच्या पायांवर कोसळला. तिने त्याला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकातच, म्हातारी घराबाहेर पडून राऊळांच्या घराकडे गेली. शिव्या घालायला गेली असणार, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

कारण मला काही शंकाच नव्हती. ज्या बंदुकीचा बार, त्या बंदूकवाल्याचा हात. डुकराच्या सुळ्याने माणूस मेला असता तर बाबल राऊळ पुडी घेऊन धावत आला नसता. त्याने मारलं होतं, तोंडाने सांगायची छाती झाली नाही आणि हाताने सांगून गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तातू गावकार येऊन बसला. गूळपाणी झालं. तो सुपारी कातरत राहिला.

"शेवंती, तू समजूतदार आसंस," तो म्हणाला. "फौजदार इलो तर चारय बंदुको जातले. मगे डुकरां आमका भाताचो दाणो गावाक देवची नाय. आणि बाबलाक चार चेडवां, झील नाय."

"बाबलकाकांचो काय संबंध? डुकरान घेतल्यान म्हणालात."

अडकित्ता थांबला. "संबंध नाय. पण तो तुका जल्मभर वाटो घालतलो. तू जत्रेक इतक्याच म्हण, पावलो. म्हणजे विषय संपलो."

"म्हणजे माझो घोव मारूचो आणि वर पट्टी माफ?"

"कोणी मारल्यान म्हटला?"

"तुमीच विषय संपयतास, तुमकाच म्हाईत."

तो उठला. जाताना सासूला म्हणाला, "सुनेच्या जिभेक हाड नाय." सासूने नुसती मान हलवली. माझ्या बाजूने ती एक शब्द बोलली नाही, हे मला तेव्हा फार लागलं.

त्या दिवसांत माझी सगळी माया गुणाजीवर गेली. वीस वर्षांचा पोरगा, पण चेहरा उतरून म्हाताऱ्यासारखा झाला होता. मटण सोडलं, विडी सोडली, पहाटे उठून एकटा भात कापायचा. माझ्या नवऱ्याच्या वाटचंही काम तो करायचा. एकदा खळ्यात भात झोडताना मला म्हणाला, "वयनी, म्हणान टाक पावलो."

"तू सांगतंस? तुझो सख्खो भाव गेलो!"

"बाबलकाकांची काय चूक नाय."

"मगे कोणाची? रानाची?"

त्याने भाताची पेंढी उचलली, झोडायच्या फळीवर दोनदा आपटली आणि खाली ठेवली. "वयनी, तुझ्या पाया पडतंय."

"लाज वाटाची तुका," मी म्हटलं. "गावाक भितंस. तुझ्या जाग्यार मी बापयो असतंय तर बंदूक काढून तेच्या नरड्यार ठेवली असती."

तो पुढची पेंढी झोडायला लागला. मी त्याला भित्रा समजले, आणि भित्र्या माणसाचा राग येतो तशी दयाही येते. त्या रात्री मी त्याच्या भातावर घरातलं शेवटचं तूप वाढलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी गाव देवळात बसला. पुरुष सभामंडपात, आम्ही बायका खांबांच्या मागे. त्या वर्षी कपाळवाट्याच्या आम्ही सहाजणी होतो आणि मी सगळ्यांत लहान. पांढऱ्या कपाळाने गावासमोर बसायची माझी पहिलीच वेळ. तातू गावकाराने एकेका बंदुकीचं नाव घेतलं. बायका उठल्या, पावलो म्हणाल्या, बसल्या. मग बाबल राऊळाची बंदूक आली. भागी परबीण उठली, पावलो. मथुरा, पावलो.

"शेवंती धुरीण."

मी उठले. मी दीड महिना हेच पाठ केलं होतं.

"माका वाटो पावलो नाय."

कुजबुज झाली. तातू गावकार म्हणाला, "पारधीच्या दिवशीच पडवीत ठेवलेलो. तू हातान उचललंस."

"उचललंय. पण दुपारी अडीच वाजता उचललंय. तुमी माझ्या घोवाक हाडलात दिवस बुडताना, आणि तेवा सांगलात. दुपारी माझ्या कपाळार कुकू होता. भरल्या कपाळाक कपाळवाटो पावता काय? सांगा तुमीच."

देवळातला पुजारी हातातलं ताट तसंच धरून उभा होता.

"आणि दुसरा," मी म्हटलं, "गावाक कळाच्या आधी ह्या माणसाक कसा कळला, की माझा कपाळ पांढरा झाला?"

नियमाला नियमाने धरलं होतं. शहरातला वकीलही इतकं नेमकं बोलला नसता, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी दुःखापेक्षा मला माझा अभिमानच जास्त वाटला. सगळ्या माना बाबल राऊळाकडे वळल्या. म्हातारा उठला. तसा म्हातारा नव्हता, पन्नाशीचा असेल, पण त्या दीड महिन्यात खांदे पडले होते. त्याने बंदूक उचलली, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आडवी ठेवली आणि देवाकडे बघून म्हणाला,

"बंदूक माझी."

एवढंच. मग चप्पल घालून उतरून गेला. मी पुरुषांमध्ये गुणाजीला शोधलं. तो दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. भावाचा गुन्हेगार गावासमोर कबूल झाला, पोराला रडू आवरलं नाही, असं मी समजले. घरी येऊन सासूला म्हटलं, "आये, तुझ्या झिलाक न्याय गावलो." ती देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली होती. वळली नाही.

फौजदाराकडे कुणीच गेलं नाही, मीही नाही. मला गावाच्या तोंडून ऐकायचं होतं, ते मी ऐकलं होतं.

राऊळांचा वायंगणाचा तुकडा रानाला लागून होता. वायंगण म्हणजे उन्हाळी भात, ओहोळाच्या पाण्यावर करायचं. सगळं रान तेव्हा सुकलेलं, आणि हिरवं तेवढं हेच, त्यामुळे डुक्कर सरळ तिथेच येतं. बाबल राऊळ दर वर्षी शेतातल्या माळ्यावर, मचाणावर, बंदूक घेऊन बसायचा. त्या वर्षी बडगा आणि पत्र्याचा डबा घेऊन बसला. गावातल्या दुसऱ्या एका बंदूकवाल्याने आपली देऊ केली होती, पण ती त्याने घेतली नाही. माघातल्या एका सकाळी तो न्याहारीला घरी आला नाही म्हणून थोरली मुलगी बघायला गेली. मादी होती, पिलं बरोबर होती, आणि हा माळ्यावरून खाली उतरून त्यांना हाकलायला गेला होता. मांडी फाडली होती. बांधापर्यंत सरपटत आला होता.

या वेळी खरंच डुकराने घेतलं होतं.

मी भेटायला गेले. जाऊ नये असं सगळ्यांचं म्हणणं होतं. सासू तर वाटेत आडवी आली, पण मी गेले. खरं कारण सांगते. मला त्या घरातलं दुःख डोळ्यांनी बघायचं होतं. फिटलं का, ते बघायचं होतं.

बाबलची बायको गोदा भिंतीला टेकून बसली होती. चार मुली चार कोपऱ्यांत. मला बघून तिने मुलींना बाहेर जायला सांगितलं.

"बस," ती म्हणाली. "बघूक इलंस मा? बघ."

"काकी, माझ्या मनात वायट नाय."

"आसा. असूदे. तुझ्या जाग्यार मी असतंय तरी असता." तिने पदराने तोंड पुसलं. "पण आता ते गेले, माका कोणाची शपत नाय. बार कोणी काढल्यान म्हाईत आसा तुका?"

"त्यांनीच देवळात सांगल्यानी. बंदूक माझी."

"बंदूक तेंचीच होती. हात तेंचो नव्हतो."

मला तिचं म्हणणं कळलं नाही. ती सावकाश, मुलाला गणित समजवावं तसं सांगत गेली. "तेंका तीन दिस ताप होतो. हात थरथरा होते. पारधीक जावा नको म्हटलंय, ऐकूक नाय. थंय बसले तर गुणाजी बाजूक येवन बसलो. म्हणालो, काका, एक बार माका काढूक देवा. तेंच्यान नाय म्हणवला नाय. बंदूक तेच्या हातात दिल्यानी. पयलो बार दुसऱ्या बंदुकीचो, डुकार थंयच पडला. मगे करवंदीत हालला. गुणाजीक वाटला दुसरा डुकार. तेना बार काढल्यान."

बाहेर मुली कुजबुजत होत्या. मी उंबऱ्याकडे बघत होते.

"तुझी सासू दुसऱ्या दिवशी ह्याच उंबऱ्यार डोक्या आपटी होती," गोदा म्हणाली. "म्हणाली, एक गेलो, दुसरो तुझ्या तोंडात आसा, बाबल. मी ह्यांका म्हटलंय, सांगान टाका गावाक. तर म्हणाले, बंदूक माझी, म्हणजे बार माझो. वाटो माझ्याच हातान गेलो पायजे. तुझ्या घराक पयलो कळाक होया म्हणान रानातसूनच धावत गेले ते. लोक काय सांगूचा तेचा ठरवी होते, आणि ह्यांनी डुकराचा काळीज कापून घेतल्यानी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू देवळात फार बरा बोललंस. गावात अजून नाव काढतत."

मी कशी उठले, कशी चालले, ते आठवत नाही. घरी पोचले तेव्हा गुणाजी अंगणात कुंपणासाठी बांबू चिरत होता. सासू पडवीत बसली होती. माझा चेहरा बघताच ती उभी राहिली.

"बंदूक तुझ्या हातात होती?" मी विचारलं.

कोयता बांबूत तसाच राहिला. "व्हय."

"आणि तू माका खळ्यात सांगतंस, पावलो म्हण."

"वयनी, मी तुका किती येळा सांगूक बघलंय..."

"किती येळा?"

त्याने खाली पाहिलं. "एकदाय नाय."

"तेका बोला नको," सासू मध्ये आली. "मी तेच्या तोंडार हात ठेवलंय. माका बोल. माझे दोन होते. एकान दुसऱ्याक मारल्यान. आवशीन काय करूचा, तूच सांग माका."

मी फक्त एवढं म्हटलं, "तेंची चार चेडवां होती, आये." ती पुन्हा खाली बसली.

गावात जाऊन सांगावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण ज्याचं नाव धुवायचं तो जळून गेला होता, आणि गुणाजीला नेलं असतं तर घरात दोन बायका उरल्या असत्या, त्यातली एक म्हातारी. लोक म्हणतील शेवंतीने मोठ्या मनाने पोटात घातलं. मोठं मन कसलं आलंय. मला त्याला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं.

"उद्यापासून राऊळांचा वायंगण तू राखूचा," मी गुणाजीला म्हटलं. "आणि पावसातला भातय. तेंच्या घरात बापयो येयसर."

"राखतंय," तो म्हणाला. मग बांबूतून कोयता ओढत, "बंदूक?"

"बंदूक देवाकडे आसा."

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी काय मागितलं ते तिला कळलं होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याकडे बोलायला जागाच नव्हती, ती सगळी तिने राऊळांच्या उंबऱ्यावर खर्च केली होती.

पुढच्या जत्रेला तातू गावकाराने बाबल राऊळाच्या बंदुकीचं नाव घेतलं. वर्षभर तिचा बार निघालाच नव्हता, तरी मी उठून 'पावलो' म्हटलं. पट्टी माफ झाली. बंदूक मात्र परत न्यायला त्या घरात पुरुष नव्हता. गोदा माझ्या शेजारीच बसली होती, पांढऱ्या कपाळाने. ती माझ्याकडे वळलीही नाही.

गुणाजी अकरा वर्षं राखणीला गेला, राऊळांच्या धाकट्या मुलीचा नवरा घरजावई म्हणून येईपर्यंत. बडगा आणि पत्र्याचा डबा घेऊन. मधे त्याचं लग्न झालं, पोरं झाली, ती मीच वाढवली. त्याने एका दिवसाचीही सूट मागितली नाही आणि मी दिली नाही. दर सकाळी मी अंगणात उभी राहायचे आणि गडग्याकडे बघायचे. तो यावा म्हणून बघत होते की येऊ नये म्हणून, हे मला कुणी देवासमोर उभं करून विचारलं तरी सांगता येणार नाही. सासूची नजर तोवर गेली होती. ती आत घोंगडीवरून रोज एकच विचारायची, "इलो?" आणि मी म्हणायचे, "इलो."

एका सकाळी तो माझ्यापासून चार हातांवर पाण्याच्या डोणीपाशी पाय धूत होता.

"इलो?" आतून विचारणं आलं.

मी गप्प राहिले.

"शेवंती, इलो?"

गुणाजीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं, आणि तोही बोलला नाही. हातातला तांब्या त्याने आवाज न करता खाली ठेवला. आत घोंगडी सरकली. मग भिंत चाचपत येणारा हात, दाराची चौकट, आणि चौकटीत सासू, डोळे नुसतेच उघडे. तिला मी तिथे उभी ठेवली. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मग म्हटलं, "इलो, आये."